न सोडलेल्या बाणासाठी आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या घरी आले, तेव्हा आपण “नेम कसा हाय गं आता?” एवढेच विचारलेत. मी “बरा आहे” म्हणून चहा घेतला आणि जे सांगायला आले होते ते न सांगताच उठले. ते आता लिहून कळवते आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींपैकी ज्यांच्या हाती आजही धनुष्य आहे, त्यांनीही हे वाचावे.

आपण दिलेली विद्या मी शिकारीसाठी वापरली, हे वाचून आपण नाराज व्हाल याची मला कल्पना आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. शाहू महाराजांच्या काळी शिकवलेले चित्ते सोडून काळवीट धरत, या गोष्टी आमच्या पिढीने फक्त आजोबांकडून ऐकल्या. मी राहते त्या मिशिगनमध्ये मात्र परवाना काढून हरणाची शिकार करणे रीतसर आहे आणि 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर हा हंगाम धनुष्यबाणाचा असतो. पुढे बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याला भडक नारिंगी कपडा अंगावर घालावाच लागतो. धनुष्याच्या हंगामात धनुर्धाऱ्यांवर ती सक्ती नसते. हरीण पंचवीस-तीस पावलांवर येईपर्यंत थांबायचे म्हणून आम्ही सगळे पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून बसतो. असे बसलेले माणूस दुसऱ्या माणसालाही दिसत नाही, ही त्यातली मेख मला गेल्या ऑक्टोबरातील त्या संध्याकाळपर्यंत नीट उमगली नव्हती.

जंगल सरकारी होते, म्हणजे तिथे कोणीही येऊ शकत होते. एरवी मी झाडावरच्या मचाणावर बसते. तिथून सोडलेला बाण हरणाच्या अंगातून आरपार गेला तरी पलीकडच्या मातीत रुततो. त्या दिवशी मात्र मी एका पडलेल्या ओकच्या आडोशाला, जमिनीवरच बसले होते. दिवस मावळायला आला असताना एक नर पंचवीसेक पावलांवर येऊन आडवा उभा राहिला. मी कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, पूर्ण ताणले, नेम बसला आणि बोट दोरी सोडायच्या कळीवर गेले. त्याच्या पाठीमागे नेच्यांची दाट जाळी होती आणि त्या जाळीपलीकडचे मला काहीही दिसत नव्हते.

सर, त्या क्षणी मला आपले ग्राउंड आठवले, असे म्हटले तर ते लिहिण्यापुरते छान वाटेल, पण तसे झाले नाही. मला काहीच आठवले नाही. माझे हात आपोआप धनुष्य उतरवू लागले. कंपाउंड उतरवताना एका टप्प्यावर चाके फिरतात आणि इतका वेळ हलका वाटणारा भार एकदम हाताला हिसका देतो. तसा तो बसला, मी हलले आणि हरीण पांढरी शेपटी उभारून पसार झाले. मला स्वतःचाच राग आला. मिनिटभरात त्याच जाळीमागून, हरीण उभे होते त्याच्या सरळ रेषेत, एक वयस्क गृहस्थ कंबर धरत उभे राहिले. दुपारी स्वतःच्या बाणाने जखमी झालेल्या हरणाचा माग काढत ते ओणव्याने पाने तपासत होते. त्यांनी मला हात केला आणि ते पुढे निघून गेले. काय टळले हे त्यांना कळलेही नसावे. मी अंधार पडेपर्यंत जागची उठू शकले नाही.

हात आपोआप का उतरले, याचे उत्तर मला घरी परतल्यावर सापडले. आम्हाला बाण सोडू देण्याआधी आपण कित्येक आठवडे फक्त ताणायला आणि उतरवायला लावलेत. आमचे खांदे भरून यायचे आणि आम्ही आपल्यामागे कुरकुर करायचो. एका पहाटे दूध घालून परतणाऱ्या गवळ्याच्या म्हशी कुंपणाच्या फटीतून लक्ष्यामागे शिरल्या होत्या. आपली शिट्टी लागोपाठ पाच वेळा वाजली आणि माझी दोरी ताणलेली असताना आपण ओरडलात, “उतरव! मागं कोण हाय ते बघ आधी, मग नेम धर.” म्हशी तर लक्ष्यापासून चांगल्या लांब होत्या, एवढ्यासाठी चाळीस जणांचा सराव का थांबवायचा, असे मी तेव्हा मैत्रिणीजवळ बोलले होते. ते बोलणे मी आज मागे घेते.

त्या गृहस्थांचे नाव मला ठाऊक नाही आणि ते आपल्याला कधी भेटणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनेही मीच आपले आभार मानते. तो बाण अजून माझ्या भात्यात आहे. या हंगामाला मी गेले नाही. पुढे जाईन की नाही, हे अजून ठरवलेले नाही.

परतीचे विमान पंधरा दिवसांनी आहे. रविवारी पहाटे नव्या तुकडीला ताणायला-उतरवायला लावायचे असेल, तर मी सहा वाजता ग्राउंडवर येते. शिट्टी आपणच वाजवावी.

आपली नम्र विद्यार्थिनी,
पहाटेची तुकडी, कोल्हापूर