घरात ड्रॅगन आणणाऱ्या वहिनीला

प्रिय वहिनी,

हे पत्र तुला घरातच हातात देता आलं असतं. पण कोणी तोंडावर आभार मानायला लागलं की तू "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलतेस. शिवाय तू जे केलंस ते घरच्यांना नवे खेळ शिकवू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून चारचौघांतच लिहायचं ठरवलं. राग आला तर पुढच्या डावात माझ्या पत्त्यांच्या गड्डीत एखादा जास्तीचा शापाचा पत्ता ढकल.

तू येण्याआधी आमच्याकडे पत्ते म्हणजे रमी. हातात आलं ते आलं, नशिबाला बोल लावायचा आणि पुढचा डाव पिसायचा. तुझ्या खोक्यांतल्या खेळांत गड्डीच मुळी आपली आपण घडवायची, हे पचायला वेळ लागला. सगळ्यांची सुरुवात सारख्याच दहा भिकार पत्त्यांनी. त्यातले पाच हातात घ्यायचे, त्यांच्या जोरावर मधल्या मांडणीतून एखादा बरा पत्ता विकत घ्यायचा. तो लगेच हातात येत नाही, वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात जातो. गड्डी संपली की तो ढीग पिसायचा, आणि मग कधीतरी आपली खरेदी आपल्याच हातात उगवते. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या 'डॉमिनियन'ने 2008 साली हा प्रकार रूढ केला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला, हेही तुझ्याकडूनच कळलं. तेही आम्हाला खेळाची चटक लागल्यावर, कुणीतरी विचारलं म्हणून.

तुझी ही सवय मला सगळ्यात आवडते: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तू नियमांची पुस्तिका वाचून दाखवली नाहीस. प्रत्येकाला पहिले पाच पत्ते टेबलावर उघडे ठेवायला लावलेस. बाबांसमोर चार तांब्याची नाणी आणि एक एस्टेट, म्हणजे नाणी न देणारा जमिनीचा पत्ता. "बाबा, चार नाणी आहेत. चारपर्यंतचं काहीही घ्या." संपलं शिकवणं. बाबांनी लोहार घेतला, कारण चित्र आवडलं. तो खेळला की तीन पत्ते जास्तीचे ओढता येतात, हे तो हातात आल्यावर त्यांनीच वाचून सांगितलं, आणि तेही असं, जणू काही त्यांनीच शोध लावला होता.

आणि मग चॅपल. दोन नाण्यांचा साधा पत्ता. तो खेळला की हातातले चारपर्यंत पत्ते खेळातून कायमचे बाद करता येतात. तू तो घेतलास आणि हातात आल्याबरोबर तांब्याची नाणी काढून टाकायला लागलीस. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, पैसे फेकून देतेस?"

"हो बाबा."

"चांगले चालणारे पैसे?"

"हो."

बाबांनी दादाकडे असं पाहिलं की जणू घराचा हिशोब कुणाच्या हाती गेलाय हे त्यांना तेव्हाच कळलं. तुला त्यांना समजावता आलं असतं. हातात पाचच पत्ते येतात, तांबं एका नाण्याची किंमत देतं आणि सोनं तीन नाण्यांची, तेव्हा तांबं जागा अडवून बसतं, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? दादा तर तोंड उघडणारच होता, तू टेबलाखालून त्याला पाय मारलास. (मी पाहिलं.) बाबा निष्ठेने सगळं जमवत राहिले, त्यांची गड्डी फुगत गेली. प्रॉव्हिन्स हा पत्ता आठ नाण्यांचा, सहा गुणांचा. त्यांच्या हातात सात यायची. पुन्हा सात. मग सहा. तुझी मूठभर गड्डी भराभर फिरत होती आणि तू एकामागून एक प्रॉव्हिन्स उचलत होतीस. प्रॉव्हिन्सचा गठ्ठा संपून डाव मिटल्यावर बाबांनी तुझी गड्डी मागून घेतली, टेबलावर पसरली, प्रकार लावून नीट मोजली. बोलले काहीच नाहीत. पुढच्या डावात मात्र पहिला चॅपल त्यांनी उचलला. आता तर त्यांचा हात इतका सैल सुटलाय की कधीकधी खरेदीपुरतंही नाणं उरत नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

विच या चेटकिणीच्या पत्त्याबद्दलही लिहायलाच हवं. ती खेळली की बाकी सगळ्यांच्या गड्डीत एकेक शाप जातो: एक गुण वजा, वर हातात एक जागा फुकट. खंदकाचा पत्ता हाती असेल तर तो दाखवून वाचता येतं, पण नवख्याला ते कुठून सुचणार? डॉमिनियनमध्ये दर डावाला कुठले दहा प्रकार मांडायचे ते आपण ठरवतो, आणि घरात कोणी नवीन बसलं की तू विचला गुपचूप खोक्यात ठेवतेस. काही मुरलेल्या खेळाडूंना नवख्यांना पहिल्याच बैठकीत हिसका दाखवायची हौस असते. तीच मंडळी मग तक्रार करतात की आमच्याकडे खेळायला कोणी येत नाही.

आईसाठी तू 'असेन्शन' काढलास, तोही अगदी तिचा स्वभाव ओळखून. डॉमिनियनमधले दहा ढीग डोक्यात ठेवायचा तिला कंटाळा. इथे मध्ये सहा पत्ते उघडे, एक उचलला की त्याजागी दुसरा. रून, म्हणजे इथलं चलन, असेल तर कुणाला तरी आपल्या बाजूला घ्यायचं, ताकद असेल तर राक्षस मारायचा. काहीच जमलं नाही तर कल्टिस्ट नावाचा एक राक्षस कायम उभा असतो, दोन ताकदीत आडवा होतो आणि एक मानाचा गुण देतो. दर डावात मार खायलाच जन्माला आलेला हा जीव आईचा अत्यंत लाडका आहे.

आता खरं ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. आमच्या चिरंजीवांचं हरणं तुला माहीत आहे. पत्ते टेबलावर आपटायचे, आत जायचं, दार लावायचं. मी समजावून थकले होते, ओरडूनही झालं होतं. नातेवाइकांनी दोन्ही बाजूंनी सल्ले दिले: मुद्दाम हरा, अजिबात हरू नका. तू सल्ला दिला नाहीस, 'इऑन्स एंड' आणलास. यात सगळे मांत्रिक एका बाजूला, समोर एक शत्रू, मध्ये वाचवायचं ग्रेव्हहोल्ड नावाचं नगर. हरलो तर सगळे हरणार, जिंकलो तर सगळे. पाळी कुणाची तेही पत्ता ओढून ठरतं, म्हणजे शत्रूचे दोन्ही पत्ते लागोपाठ निघाले की सगळ्यांच्या पोटात एकदमच गोळा येतो.

पण मुलगा अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. या खेळात गड्डी पिसायचीच नाही. संपली की वापरलेला ढीग तसाच उलटा करून घ्यायचा. त्यामुळे या पाळीत खेळलेले पत्ते कुठल्या क्रमाने ढिगावर ठेवले यावर पुढे काय हातात येणार ते ठरतं. हे त्याच्या लक्षात आलं, आणि एरवी एक मिनिट स्वस्थ न बसणारा हा प्राणी ओठ मुडपून चार पत्त्यांची वर-खाली अदलाबदल करत बसला. "आत्ता हा खाली गेला, तर मला दोन्ही मंत्र एकत्र येतील, मामी." दादाला घाई. "अरे, हा वर ठेव, सोपं आहे," म्हणत त्याने हात पुढे केला. सगळे एका बाजूला असले की मोठ्यांपैकी एकजण सेनापती होतो आणि बाकीचे हमाल, हा अशा खेळांचा जुनाच रोग. तू एवढंच म्हणालीस, "पाळी त्याची आहे ना?" दादाचा हात मागे गेला.

तो डाव आपण हरलो. ग्रेव्हहोल्ड पडलं. मुलाचा मंत्र तयार होता, सुटायला त्याची पुढची पाळी यायला हवी होती, ती आलीच नाही. मी सवयीने दाराकडे पाहिलं. तो तिथेच बसून राहिला आणि म्हणाला, "मामी, शत्रूला आधी मारायचं की त्याच्या चेल्यांना?" तुम्ही दोघं त्यावर बराच वेळ बोलत होतात. आजही तो कधीमधी फुरंगटतो, नाही असं नाही, पण दार लागत नाही.

माझ्या मैत्रिणींना तू 'क्लँक'च्या नादी लावलंस, त्याबद्दल त्यांच्या घरच्यांनी तुझे आभार मानावेत की नाही ते तेच ठरवतील. ड्रॅगनच्या तळघरात चोरी करायची, आवाज केला की आपल्या रंगाचे ठोकळे पडतात, ड्रॅगन चवताळला की ते पिशवीत जातात, आणि पिशवीतून आपलाच रंग निघाला की इजा. पिशवीत हात घातल्यावर चार बायका जो गलका करतात, त्याने खरा ड्रॅगनही जागा होईल. त्यातल्या एकीला लोभ आवरत नाही, ती दरवेळी खोल तळघरातच मरते आणि शून्य गुण घेऊन वर आम्हालाच ऐकवते. दोन पावलं वर येऊन, चोरीचा ऐवज घेऊन पडली असती तर गावकऱ्यांनी बाहेर ओढली असती आणि गुण तरी मिळाले असते. पण तिला सांगणार कोण?

एक काम मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. डॉमिनियनच्या खोक्यात 500 पत्ते आहेत. डाव संपला की आम्ही सगळे उठून गप्पा मारायला लागतो आणि तू एकटी प्रत्येकाच्या गड्डीतले पत्ते वेगळे करून आपापल्या कप्प्यात लावतेस. तसं लावलेलं नसेल तर पुढच्या वेळी मांडामांडीतच सगळ्यांचा उत्साह जाईल, हे मी परवा एकटीने खोकं आवरायला घेतलं तेव्हा समजलं. यापुढे ते काम आळीपाळीने. पहिली पाळी दादाची, त्याला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी माझ्या ऑफिसातल्या दोघीजणी पहिल्यांदाच खेळायला येताहेत. शिकवायचं मी बघते, तू नुसती खेळायला बस. विच काढून ठेवली आहे.

तुझी,
नणंद