केस नाहीत म्हणजे काम नाही, हा समज मोडल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत स्फिंक्स मांजर पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. नाव ऐकून लोक इजिप्त समजतात, पण ही जात कॅनडाची. १९६६ साली टोरांटोत एका साध्या घरगुती मांजरीला बिनकेसांचं पिल्लू झालं, तिथून हिची सुरुवात. केस नाहीत म्हणजे कटकट नाही, अशा समजुतीने अनेक जण हे मांजर घरी आणतात. काम केसांचं नाही, कातडीचं आहे, हे तुम्ही नीट समजावलंत.

इतर मांजरांच्या कातडीतलं तेल केसांवर पसरतं. इथे ते कातडीवरच साचतं, चादरीला पिवळट डाग पडतात. म्हणून साधारण सात ते दहा दिवसांनी अंघोळ. आधी नखं कापायची, टबात टॉवेल अंथरायचा म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकंच. मांजरांचा सौम्य शाम्पू मऊ फडक्याने लावायचा आणि दोनदा धुवायचा, कारण राहिलेला शाम्पू खाज आणतो. मग काख, जांघा आणि मानेच्या घड्या टिपून कोरड्या. आपल्या दमट हवेत, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये, ओल्या घडीत यीस्टची बुरशी लगेच वाढते आणि आंबूस वास येऊ लागतो. तरी रोज अंघोळ घालायची नाही, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं झालं. कातडी कोरडी पडून भेगाळते.

खोबरेल तेल चोळायचा मोह आपल्याकडे प्रत्येक घरात होतो. तेलावर तेल, आणि वर मांजर ते चाटणार! फिनेलने पुसलेल्या लादीचा इशाराही मोलाचा: मांजराच्या यकृताला त्यातलं फिनॉल नीट निकामी करता येत नाही आणि पंजे चाटताना ते पोटात जातं.

कानात तपकिरी मळ भराभर साचतो. आठवड्यातून एकदा कान साफ करायचं औषध घालून कापसाने पुसायचा, काडी आत घालायची नाही. नखांच्या मुळाशी काळा चिकट थर बसतो, तो पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. हनुवटीवर काळे ठिपके आले तर प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची ठेवायची.

गॅलरीतल्या दुपारच्या उन्हात कातडी भाजते. एसीत सुती गंजी चालते, पण ती तेल शोषते, म्हणून रोज धुतलेली हवी. अंगाची ऊब टिकत नाही, त्यामुळे भूकही जास्त.

सगळ्यात मोठं ऋण हृदयाबद्दलचं. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो आणि स्टेथोस्कोपमध्ये तो नेहमी ऐकू येत नाही, म्हणून दर वर्षी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करा, असं तुम्ही सांगत राहिलात. गाढ झोपेतले श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त जात असतील तर तुम्हाला फोन. मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आता आमच्या घरोघरी फ्रिजवर झोपेतल्या श्वासांची वही टांगलेली आहे.

तुमचे ऋणी,
मुंबईतले स्फिंक्सवाले