टे अनाऊहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र दादाच्या मोबाइलवर पाठवतेय. तो पोवई नाक्यावरून छापून आणून देईल, म्हणजे आईला चष्मा लावून सावकाश वाचता येईल. फोनवर आपला अर्धा वेळ "ऐकू येतंय का?" यातच जातो आणि सांगायचं ते राहून जातं.

माझ्या तिघी मैत्रिणी शनिवारी परत निघताहेत. मी इथं न्यूझीलंडमध्ये मागं थांबतेय. निघायच्या आधीच हे तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा आई, तू "एकटीच कशाला गं?" एवढंच म्हणालीस आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरायला लागलीस. बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुमचं ते गप्प राहणं मी इथवर सोबत घेऊन आलेय.

बाबा, आधी तुमच्यासाठी रस्त्याचं सांगते. न्यूझीलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. आपलं एमएच अकराचं लायसन्स इथं चालतं, कारण ते इंग्रजीत छापलेलं असतं. गावाबाहेर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे आणि लोक ती पाळतात. हॉर्न क्वचितच ऐकू येतो. तुम्हाला सगळ्यात आवडले असते ते इथले एकपदरी पूल. पुलाच्या आधी पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा, एक लहान. ज्याच्या दिशेचा बाण लहान आणि लाल, त्यानं थांबायचं. समोरची गाडी पूल ओलांडून आली की तिचा ड्रायव्हर हात वर करतो, आपणही करायचा. केळघरच्या घाटात तुम्ही चढणाऱ्या गाडीसाठी एसटी कडेला घ्यायचात आणि तोही ड्रायव्हर असाच हात करायचा. बॉनेटशेजारच्या सीटवर बसून मी ते कितीदा बघितलंय. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, ही तुमची शिकवण इथल्या प्रत्येक घाटात कामाला आली. तिघी म्हणाल्या, तू चालवतेस तेव्हा आम्हाला झोप लागते.

टे अनाऊ हे तळ्याकाठचं लहानसं गाव. इथून मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खाडीला जायला सुमारे 120 किलोमीटरचा एकच रस्ता आहे. त्या रस्त्यावर होमर नावाचा बोगदा लागतो. 1935 मध्ये बेकारांना काम म्हणून सरकारनं तो खोदायला घेतला. सुरुवातीला मोजकी माणसं, हातात कुदळी आणि ढकलगाड्या. डोंगरात पाणी लागायचं, वरून बर्फाचे कडे कोसळायचे, त्यात माणसं दगावली. मध्ये महायुद्धामुळं काम थांबलं. गाड्या सुरू व्हायला 1954 उजाडलं. लांबी फक्त सव्वा किलोमीटरच्या आसपास, पण आत उतार इतका की एंट्रीलाच खालचा गिअर टाकावा लागतो. भिंती अजून ओबडधोबड आहेत, ओल्या, छिन्नीचे घाव दिसावेत अशा. खंबाटकीचा बोगदा डोळ्यांसमोर आणू नका, हा त्याच्यापेक्षा कितीतरी रांगडा आहे.

बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल असतो, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. तिथं थांबलो असताना किआ आले. डोंगरातले पोपट, आपल्या पोपटापेक्षा बरेच मोठे, अंगानं शेवाळी हिरवे, चोच लांब आणि वाकडी. एकजण आमच्या बॉनेटवर उतरला, दोन पावलं तिरकं चालला आणि वायपरचं रबर चोचीत धरून ओढायला लागला. मी काचेच्या आतून त्याच्याकडं बघत होते, तोही मान वाकडी करून माझ्याकडं. उडाला तेव्हा पंखांच्या खालची बाजू शेंदरी निघाली. जगात हा पक्षी फक्त इथल्याच डोंगरांत आहे आणि आता थोडेच उरलेत. त्याला काही खायला घालू नये, असं पाटीवर लिहिलेलं असतं. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की तो रस्त्यावर येतो आणि गाडीखाली जातो.

आई, टेकापो तळ्याचा फोटो बघून तू विचारलंस, पाण्यात रंग घातलाय का? नाही गं. वरच्या हिमनद्या सरकताना जात्यासारखा खडक दळतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हात तळं असं निळं-दुधी दिसतं. तिथून पुढं आओराकी, म्हणजे माउंट कुक हा डोंगर, 3724 मीटर उंच. एडमंड हिलरी याच डोंगरांत घडले. 1953 साली तेनझिंग यांच्यासोबत एव्हरेस्टवर पाय ठेवणारा हा माणूस पोटापाण्यासाठी भावाबरोबर मधमाश्या पाळायचा, हे मला इथं कळलं. महाबळेश्वरच्या मधाच्या बाटल्या तू किती जपून ठेवतेस! म्हणून तुला मुद्दाम सांगते. इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर तेच आहेत. एक नोट तुझ्यासाठी ठेवलीय.

क्राइस्टचर्चमध्ये नदीकाठी एक लांब संगमरवरी भिंत आहे. 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरलीत. 185 माणसं गेली. बाबा, 1967 च्या कोयनेच्या भूकंपात तुम्ही पाटणला होता, पोरसवदा. डिसेंबरच्या त्या थंडीत सगळं गाव अंगणात झोपायचं, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. त्या भिंतीपाशी मी बराच वेळ उभी होते. आपल्याकडच्या त्या माणसांची नावं अशी एका जागी वाचायला मिळाली असती तर तुम्ही तुमच्या ओळखीची शोधली असती, असं वाटत राहिलं.

आता आईच्या प्रश्नाचं.

तिघी फार चांगल्या आहेत. एकीनं रोज रात्री खिचडी टाकली, एकीनं पैशांचा हिशेब ठेवला, एक नकाशा घेऊन माझ्या शेजारी जागी राहिली. या सोबतीनं मला परक्या देशात पाय रोवता आले. किराणा कुठं घ्यायचा, हवामान कुठं बघायचं, कुणाला काय विचारायचं, हे सगळं अंगवळणी पडलं. पण चौघींत असलं की मन सतत चौघींचं बघतं. कुणाला भूक लागली, कुणाला थंडी वाजतेय, कोण कंटाळलं. घरीही मी तेच करते, ऑफिसातही तेच. ते मला आवडतं, त्याचं ओझं नाही वाटत. तरी एकदा मला माझ्या चालीनं चालायचंय. जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबायचं, कुणी ताटकळत नाहीये हे माहीत असताना.

आणि ही ओढ तुझ्यामुळंच लागलीय. कासला तू मला गुडघ्यावर बसवून सीतेची आसवं ही इवली फुलं दाखवायचीस, तेव्हा बाकीची मंडळी पुढं निघून गेलेली असायची. तू कधी घाई केली नाहीस. कास 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, इथलं फिओर्डलंडचं जंगल 1990 पासून त्या यादीत आहे. मला वाटतं, तुला इथलं शेवाळ बघायला फार आवडेल.

सोमवारी सकाळी मी केप्लर ट्रॅकला निघतेय. साठ किलोमीटरची गोल वाट, टे अनाऊहून निघून टे अनाऊलाच परत. तीन रात्री तीन सरकारी झोपड्यांत: लक्समोर, आयरिस बर्न, मोटुराऊ. जागा आधीच राखून ठेवल्यात, गादी आणि गॅस तिथं असतो, भांडी आणि शिधा आपला. मोसमात प्रत्येक झोपडीत एक रखवालदार असतो, तो रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं हवामान सांगतो. पहिल्याच दिवशी नऊशे मीटरच्या आसपास चढ आहे, म्हणजे अजिंक्यतारा लागोपाठ तीनदा चढल्यासारखं. पुढची धार उघडी आहे, वारा जोरात असतो, पण आडोशाला दोन निवारे बांधलेत. हवा बिघडली तर मी झोपडीत थांबेन, हा माझा शब्द.

आई, या देशात जमिनीवर साप नाहीत. एकही नाही. अस्वल, बिबट्या काही नाही. चावतात त्या बारक्या माश्या, त्यासाठी मलम घेतलंय. शिवाय एक लहान यंत्र भाड्यानं घेतलंय. अडचण आलीच तर त्याची अँटेना उघडून बटण दाबायचं, उपग्रहावरून बचाव पथकाला माझी जागा कळते. दादाचा नंबर त्यांच्याकडं दिलाय.

मावशी किंवा शेजारच्या काकू विचारतील, एकटीला कशी सोडलीत? लपवू नका. लग्न नाही झालं म्हणून गेली, मन रमत नाही म्हणून गेली, असलं कुणी म्हणालं तर सांगा की ती डोंगरात चालायला गेलीय. मी आनंदात आहे.

बाबा, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी परत आल्यानंतरचीच घेतलीय. ती परस्पर पुढं ढकलू नका, माझी रजा त्याच हिशेबानं आहे. तोवर संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय जिना चढू नकोस.

ट्रॅकवर मोबाइलला रेंज नसते. गुरुवारी दुपारी साडेबाराला फोन जवळ ठेवा, तेव्हा इथं रात्रीचे आठ वाजलेले असतील. त्या दिवशी नाही आला तर पावसानं वाट अडली असं समजा आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबा. त्यानंतर कुणाला फोन करायचा ते दादाला लिहून दिलंय.

तुमची,
धाकटी