दादाला मी माझ्याकडे आणतेय

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर रडले असते म्हणून लिहितेय. डिस्चार्ज मिळाला की दादा चिपळूणला येणार नाही, माझ्याकडे पनवेललाच राहणार. ह्यांच्याशी बोलणं झालंय, आतली खोली रिकामी केलीय, पंखा आहे, उन्हं येत नाहीत. तुमच्यापासून तोडत नाहीये हो आई, पण बुप्रेनॉर्फिनची, म्हणजे नशेची तलफ आवरणारी गोळी रोज सेंटरवर तिथल्या माणसांसमोर जिभेखाली ठेवायची असते आणि ते सेंटर इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. एक नशा सोडवायला दुसरी, असं बाबा म्हणतील. पण पहिल्याच आठवड्यात अंग मोडून, उलट्या होऊन तो हॉस्पिटलमधून निघाला होता, मला हट्ट वाटला, पण नशा तुटल्याचा त्रास होता तो, ती गोळी सुरू केली तेव्हा थांबला. नाहीतर अँटिबायोटिक अर्धवटच राहिलं असतं.

बाबा, टीबी नव्हता तो. सुईबरोबर कातडीवरचे जंतू, स्टॅफ ऑरियस, शिरेत गेले, शिरेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं म्हणून तिथली ट्रायकस्पिड झडप धरली, आणि तिच्यावरच्या गाठीचे बारीक तुकडे फुप्फुसात जाऊन तो खोकला आणि छातीत दुखणं. आधी दोन आठवडे टायफॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, ताप उतरायचा, परत चढायचा. सुयांचं त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. इथल्या मॅडमनी हात बघून शांतपणे विचारलं, वेगवेगळ्या जागांवरून तीनदा रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का बघायला घेतलं, मगच सलाईनमधून औषध चालू केलं. इकोमध्ये गाठ १४ मिलिमीटर दिसली. २० च्या वर असती आणि तुकडे जातच राहिले असते तर ऑपरेशनचा विचार करावा लागला असता, आता तरी नाही म्हणाल्या. दर आठ तासांनी सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, असे सहा आठवडे, आज ३४ वा दिवस. कल्चर आता क्लिअर आहे.

उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा, मला दिसत होतं, मी गप्प बसले. तुमच्या दोघांचं काही चुकलं नाही, त्या रात्री दार लावलंत त्याचंही मनात ठेवू नका, दादा तरी ठेवत नाहीये.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, एक दिवसाआड नाही. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना चढू नकोस. काकांना सध्या काही सांगू नका. आणि याल तेव्हा पहिल्या दिवशी तरी 'का केलंस' विचारू नका, नुसतं शेजारी बसा. कुळथाचं पीठ आण, काल झोपेतून उठून मला विचारत होता, आईने पिठलं केलंय का.

तुमची,
बेबी