दुकानं वाढली, की ताळेबंदातली खाती बदलली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर डीमार्टवरचा लेख वाचला. मार्च 2019 ते मार्च 2020 या वर्षात कंपनीची एकूण मालमत्ता एकदम फुगली, म्हणजे त्या वर्षी दुकानांचा धडाकाच लावला, असा त्यातला सूर होता. मी बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडे 34 वर्षं दिवाणजी होतो. वह्या बघायची खोड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितो.

दुकानं 176 होती, ती 214 झाली. अडतीस दुकानं कमी नव्हेत, पण मालमत्तेतली ती उडी तेवढ्याने उलगडत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये कंपनीने बड्या गुंतवणूकदार संस्थांना 2,049 रुपये भावाने शेअर विकून सुमारे 4,098 कोटी रुपये उभे केले. प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा 75 टक्क्यांवर आणायचा नियम होता, त्याचंही निमित्त होतं. मार्चअखेर त्यातला बराच पैसा जागेत किंवा विटा-सिमेंटात गेलेलाच नव्हता, बँकेत आणि ठेवीत पडून होता. शिवाय तेव्हा टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बांधकामं कुठून होणार?

दुसरी गोष्ट हिशेबाच्या नियमाची. 1 एप्रिल 2019 पासून भाडेपट्टीचं नवं मानक लागू झालं. तोवर भाडं म्हणजे खर्च, ताळेबंदात, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांच्या तक्त्यात, त्याचं नाव नसे. आता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्टीची जागा ‘वापरहक्काची मालमत्ता’ म्हणून एका बाजूला चढते आणि पुढची भाडी देणं म्हणून दुसऱ्या बाजूला. जागा तीच, शटर तेच, कागदावर मात्र मालमत्ता वाढते. मालकीच्या जागांवर भर देणाऱ्या डीमार्टला याचा फरक त्या मानाने कमी पडला. पण मागच्या वर्षाशी तुलना करताना एवढं तरी सांगायला हवं होतं.

आमच्या शेठजींच्या वखारीची जागा त्यांच्या वडिलांनी 1962 साली 3,200 रुपयांना घेतलेली. मी सोडलं तेव्हाही ताळेबंदात ती 3,200 लाच होती, कारण जमिनीवर घसारा (दरवर्षी किंमत घटवणं) नसतो आणि भाव वाढला म्हणून सहसा कोणी वहीत वाढवून लिहीत नाही. गिऱ्हाइकांकडची उधारी मात्र 1985 च्या सुमाराला एकूण मालमत्तेच्या निम्म्याहून जास्त भरायची. दिवाळीला वहीपूजन झालं की शेठजी उधारीच्या यादीवर बोट ठेवून म्हणायचे, “दिवाणजी, यातलं खरं किती?” पुढे धाकट्या मालकांनी उधारी आखडली, सुटलेल्या पैशात शेजारचा गाळा घेतला. धंदा तोच, पण पाचेक वर्षांत वहीची तऱ्हा पालटली. मोठ्या दुकानदाराचंही हेच, फक्त शून्यं जास्त.

डीमार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत निघालं. जागा विकत घ्यायची किंवा तीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने घेऊन इमारत स्वतःची बांधायची, ही रीत. त्यामुळे त्यांच्या ताळेबंदात जमीन आणि इमारतीच उठून दिसतात. माल साधारण महिनाभराच्या विक्रीएवढाच, आणि गिऱ्हाईक रोखीने घेतं म्हणून येणी (लोकांकडून यायची उधारी) नावापुरती. (आमच्या शेठजींना हे स्वप्नातही दिसलं नसतं.) 2020 चा तो ठेवीतला पैसा पुढच्या तीन वर्षांत हळूहळू जमिनीकडे आणि चालू बांधकामांकडे सरकला, मार्च 2023 ला दुकानं 324 झाली. खरा विस्तार बघायचा तर या सरकण्यात बघावा लागतो. एकूण बेरीज तेवढ्यात फारशी बोलत नाही.

याच्या उलट बिग बाजार. तिथे छप्पर बहुतेक दुसऱ्याचं. ती दुकानं चालवणाऱ्या फ्यूचर रिटेल कंपनीचं भाडं थकलं, भाडेपट्टे रिलायन्सच्या नावावर गेले आणि 2022 च्या फेब्रुवारीत दुकानांवरच्या पाट्या उतरू लागल्या. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. भाड्याने धंदा करूच नये असं मी म्हणत नाही, भाड्याच्या जागेत भांडवल अडकत नाही हे खरंच आहे. पण ‘वापरहक्क’ आणि ‘मालकी’ एकाच बेरजेत टाकून वाचकापुढे ठेवलं, तर त्याला या दोन दुकानदारांतला फरक कळणार कसा?

माझा स्वार्थही सांगून टाकतो. 2017 च्या मार्चमध्ये डीमार्टचे शेअर पहिल्यांदा विक्रीला निघाले, तेव्हा सुनेने माझ्या नावाने अर्ज भरला आणि 299 च्या भावाने पन्नास शेअर लागले, 14,950 रुपये. पहिल्याच दिवशी भाव दुपटीपलीकडे गेला. सून म्हणाली विका, मी ऐकलं नाही. लाभांश आजवर एक पैसा मिळालेला नाही. नफा सगळा पुन्हा धंद्यात जातो. तो कोणत्या खात्यात जाऊन बसतो हे बघणं म्हणूनच माझं काम आहे.

विनंती एवढीच. नफ्या-तोट्याचे आकडे आपण दर तिमाहीला छापता, पण कंपन्यांचा ताळेबंद सप्टेंबर आणि मार्च असा दोनदाच येतो. त्या दोन वेळी तरी चार ओळींचा तक्ता द्यावा: जमीन-इमारती, चालू बांधकामं, वापरहक्काच्या जागा, आणि रोख-ठेवी. शेजारी मागच्या वर्षीचे आकडे. अक्षर जरा मोठं असलं तर बरं, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन अजून व्हायचंय.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी, बार्शी