मांडीखाली दाबलेल्या दोन हातांना

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघालो, ते मनाला लागून राहिलंय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकापुढे घाम पुसत बसलेला माणूस म्हटलं की ओळखाल.

पन्नाशी उलटल्यावर संख्याशास्त्र शिकायचं खूळ डोक्यात का शिरलं, ते सोडा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ साली आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांना खुले करायचं जाहीर केलं, २०१२मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची संकेतस्थळं आली. दार सताड उघडं होतं. मी उंबरठ्यावरच ठेचकाळलो.

तुमच्याआधी मदत करणारे कमी नव्हते. भाचा ‘द्या इकडे’ म्हणत मोबाइल हिसकावायचा आणि दहा सेकंदांत लॉगिन करून परत द्यायचा. काम व्हायचं, मी होतो तिथेच. एका प्रशिक्षण वर्गात तर पैसे भरून बसलो. सरांनी तासाभरात सगळं पडद्यावरून पळवलं आणि घड्याळाकडे बघत विचारलं, ‘कळलं ना सगळ्यांना?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू!

तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत. माझा बाण भलत्याच बटणावर घुटमळत होता. तुमचा उजवा हात माउसकडे आला, अर्ध्यावर थांबला, आणि तुम्ही दोन्ही हात चक्क मांडीखाली दाबून बसलात. मध्येच फोन वाजला, तेव्हा एक हात काढून तो पालथा ठेवलात आणि हात परत जागेवर. पाऊण तास!

चाचणीत लाल फुली आली. नमुन्यातल्या दहा आकड्यांचा व्हेरियन्स, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, काढताना मी दहाने भागलं होतं. उत्तर तुम्हाला ठाऊक होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणालात एवढंच, ‘व्हिडिओ जरा मागे नेऊन बघता का?’ वेग कमी करता येतो, खाली अक्षरं लावता येतात, हे मला तेव्हा कळलं. तोच तुकडा चार वेळा ऐकला, आणि चौथ्यांदा उजेड पडला. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्यच, म्हणजे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो. मोकळे नऊच, म्हणून भागायचं नऊने! मी ‘अरे हो!’ असा ओरडलो की वाचणारे सगळे वळून बघायला लागले.

व्हिडिओतल्या बाई चौथ्यांदाही त्याच सुरात सांगत होत्या, पण त्यांचं काय कौतुक? त्यांना चारदा सांगावं लागलंच नव्हतं. तुम्हाला मात्र घाई होती. आपल्याला येणारी गोष्ट दुसरा चुकत असताना गप्प बसून बघायची, हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे, कारण मला ते आजवर जमलेलं नाही. भाच्याला तरी कोणत्या तोंडाने बोलू? त्याच्या लहानपणी त्याची गणितं मीच पेन्सिल ओढून घेऊन सोडवायचो.

असे अभ्यासक्रम सुरू करणारे बहुतेक जण अर्ध्यात सोडतात. मी अजून टिकून आहे. पुढचा धडा रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचा आहे आणि पहिल्याच चाचणीत फुली पडलीय. गुरुवारी मी कोपऱ्यात दिसलो तर खुर्ची घेऊन या. हात मात्र तसेच ठेवा.

तुमचा,
कोपऱ्यातला विद्यार्थी