गोचीडताप : मंडळाचे तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

घाईत लिहितो आहे, चुका पोटात घाला. मंडळाच्या शेडमध्ये आज गोचीडतापाची, म्हणजे गोचीड चावल्याने येणाऱ्या तापाची, अकरा कुत्री आहेत. दोघांचा कालपासून घोळणा फुटतोय, एकीची लघवी काळ्या चहासारखी झाली आहे. ज्यांनी हा ताप पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

मागच्या साथीत मंडळ तगले ते मोजक्या माणसांमुळे. आपल्या शिक्षिकाबाईंनी निवृत्त होताना सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. तोवर आम्ही प्रत्येक तापाला डॉक्सीसायक्लिनच (जिवाणूंवरची गोळी) देत होतो. काचपट्टीवर तांबड्या पेशींच्या आत बसलेला बबेसिया हा परजीवी डॉक्टरांनी दाखवला, तेव्हा कळले की गोचीड एकच, पण तिने दिलेले आजार दोन. एर्लिकिया हा जिवाणू, तो या गोळीला दबतो; बबेसियाला वेगळे औषध लागते. बाई अजूनही येतात, काचा स्वतः पुसून ठेवतात. वेल्डिंगवाल्या दादांनी पिंजरे करून दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही, म्हणून इथेही घालत नाही. आणि आपला शेरू! त्या साथीत दोन आजारी कुत्री या कुत्र्याने दिलेल्या रक्तावर उभी राहिली. आता तो म्हातारा झाला, त्याच्याकडून रक्त घेता येणार नाही.

थोडे मनातले बोलतो, राग नसावा. औषध न्यायला गर्दी होते. पाचव्या दिवशी कुत्रा खायला लागला की गोळ्या बंद! एर्लिकियाचा कोर्स 28 दिवसांचा आहे, हे आम्ही किती वेळा सांगायचे? अर्धवट उपचारात जिवाणू अंगात दबून राहतो, महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि मग अस्थिमज्जाच रक्त करेनाशी होते. तेव्हा आणलेल्या कुत्र्यासाठी डॉक्टरांच्याही हातात फारसे उरत नाही. गेल्या वेळी भिंतींच्या फटी साफ करायला बोलावले होते. ग्रुपवर जोडलेले हात भरपूर आले, प्रत्यक्षात आलो तिघे; त्यातला एक मी, दुसरे खजिनदार. गोचिडीची एकेक मादी फटीत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भिंत तशीच सोडली, तर तो खर्च पाण्यात.

आता काय हवे ते : डॉक्सीसायक्लिन (मुदत तपासून), रक्ताच्या जांभळ्या झाकणाच्या नळ्या, सलाइनचे सेट, बारीक टोकाचे चिमटे, जुन्या चादरी, रक्तदानासाठी 25 किलोंच्या वरचे, 1 ते 8 वर्षांचे, लसी झालेले, पूर्वी रक्त न चढवलेले निरोगी कुत्रे (आधी तपासणी होईल, उपाशीपोटी आणा), रोज सकाळ-संध्याकाळ गोळी द्यायला माणसे, निदान 28 दिवस, मध्येच सोडणारी नकोत, रोख रक्कम फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. फटींचे काम रविवारी सकाळी 8 वाजता, हातमोजे आपले आणा. घरच्या कुत्र्याची गोचीड कातडीजवळ चिमट्यात धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. ताप, सुस्ती, फिक्या हिरड्या दिसल्या तर रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रक्तदात्या कुत्र्यांची नावे आज रात्रीपर्यंत कळवा. चहासारखी लघवी होतेय तिला उद्या रक्त चढवायचे आहे.

आपला,
कार्यवाह